हात वर केला की विचारायचं नाही

मुलींनी त्यांना ‘एक्स-रे बाई’ म्हणायला सुरुवात केली, आणि हे नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं ते बाईंनी आठवडा संपायच्या आत शोधून काढलं. आता ह्यावरून काय ते ओळखा. सिस्टरांच्या त्या मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या, म्हणजे मुख्यतः हॉकी. त्यांचा पूर्ण विश्वास बसेल असा माणूस अजून जन्माला यायचा होता. दूधवाला पाणी घालतो, शिपाई चहा पिऊन येतो आणि बागेत होतो म्हणून सांगतो, भूगोलाच्या बाईंचं डोकं नेमकं तपासायच्या पेपरांच्या दिवशीच दुखतं, हे सगळं बाईंना दिसायचं. आणि पंचाईत अशी की बहुतेक वेळा ते खरंच निघायचं. संशयी माणसाचं ह्याहून मोठं दुर्दैव नाही बघा. त्याचं कधीच खरं निघालं नसतं तर तो बिचारा सुधारला तरी असता.

चॅपेलमध्ये त्या कायम शेवटच्या बाकावर बसायच्या. का, तर पाठीमागे कुणी नको. सगळ्यांनी डोळे मिटून ‘हे आमच्या स्वर्गातल्या बापा’ सुरू केलं की बाईंचा एक डोळा किलकिला उघडा. देवाला राग येत असेल तर येवो, पण पुढच्या रांगेत कोण कुणाला कोपरानं ढोसतंय हे समजायला नको?

नवरा किल्ल्या करून द्यायचा. शाळेच्या रस्त्यावरच्या कोपऱ्यावर त्याचं टपरीएवढं दुकान होतं, आत एक कानस यंत्र आणि भिंतभर लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. स्वभावानं अगदी उलटा माणूस. दुकान उघडं टाकून गप्पा मारायला पलीकडे जायचा. “मी कुलपं उघडतो आणि आमची ही ती लावते,” असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि गिऱ्हाइकं हसायची. बाईंच्या कानावर हे गेलं होतं. कुणी सांगितलं तेही त्यांना ठाऊक होतं.

एक लेक होती, शाळेत शेवटच्या वर्गाला. संघात फुलबॅक. तिच्या बाजूनं चेंडू पुढे जायचा नाही म्हणून सगळ्या मुली तिला ‘भिंत’ म्हणायच्या. बाईंच्या एक्स-रेमधून सुटलेली जगात ही एकच. तिच्यावर संशय घ्यायचं बाईंच्या कधी डोक्यातच आलं नाही.

आता त्या शाळेच्या हॉकीबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं वाया. हॉकीत चेंडू पायाला लागला की फाउल. पण पायांच्या गर्दीत पंचाला तो दरवेळी दिसतो असं नाही. फार वर्षांपूर्वी तिथे एक सिस्टर होत्या, हॉकीवाल्या सिस्टर. झगा गुडघ्यापर्यंत खोचून मुलींबरोबर मैदानावर पळायच्या. मैदानाच्या मागच्या भिंतीपलीकडे सिस्टरांचं छोटं कबरस्तान आहे, तिथे त्या आता झोपल्यात, पण त्यांनी घालून दिलेला रिवाज अजून जागा आहे. चेंडू पायाला लागला, तर पंचानं बघितलं असो वा नसो, मुलीनं आपला हात सरळ वर करायचा. खांद्यापासून ताठ, पंजा उघडा. हा झाला रिवाजाचा पहिला भाग. दुसरा भाग असा, की हात वर करणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही. कसा लागला, खरंच लागला का, आत्ताच का सांगितलंस, एक शब्दही नाही. जवळची मुलगी येऊन तिच्या खांद्यावर थाप मारते, आणि खेळ पुढे सुरू.

ह्या रिवाजापायी शाळेनं किती सामने घालवले त्याला गणती नाही. कॉरिडॉरमधल्या काचेच्या कपाटात मोठे चषक थोडे आणि उपविजेतेपदाच्या ढाली रगड. पण पंच मंडळी ह्या शाळेचा सामना म्हटला की निर्धास्त असायची. शिट्टी वाजवायच्या आधी मुलींच्या हातांकडे बघायची.

बाईंना पहिला भाग मनापासून पटला होता. पटणारच! सगळ्या जगानं आपणहून कबूल करायचं, ह्याहून चांगलं काय? पण विचारायचं नाही हा दुसरा भाग त्यांच्या घशाखाली उतरायचा नाही. मैदानावर त्या कशाबशा गप्प बसायच्या आणि घरी कसर भरून काढायच्या. उपांत्य सामन्यात लेकीनं हात वर केला होता. त्यात काही बिघडलंही नव्हतं, सामना जिंकलाच. पण घरी आल्यावर बाई सुरू झाल्या. “कुठे लागला? अंगठ्याला की टाचेला? तू तिथे उभी कशाला होतीस? कुणी बघितलं होतं का? नव्हतं ना बघितलं? मग तुला कसं कळलं की लागलाच?” जेवताना तेच, भांडी घासताना तेच, दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर तेच. शेवटी पोर रडकुंडीला आली. “आई, पुरे ना ग!” नवरा म्हणाला, “अगं, ती काय चोर आहे का?” बाई म्हणाल्या, “मी संशय घेतेय का? मी फक्त विचारतेय.”

बाईंचा खरा संशय होता कॅप्टनवर. पोरगी उंच, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण टेकडीवरच्या शाळेची हॉकी शिकवणारी बाई तिची सख्खी मावशी. आणि अंतिम सामना नेमका टेकडीवरच्या शाळेशी! झालं. सामन्याच्या आदल्या दिवशी बाईंनी फाटकाबाहेर मावशी-भाचीला कुजबुजताना पाहिलं. मावशीनं भाचीच्या हातात एक पिशवी दिली. भाचीनं ती दप्तरात कोंबली आणि इकडेतिकडे पाहिलं. इकडेतिकडे पाहिलं! साधी पिशवी असेल तर माणूस इकडेतिकडे कशाला बघेल? बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

तिला संघातून काढायला काही पुरावा नव्हता. मग बाईंनी ठरवलं, हिच्यावरून नजर हलवायची नाही. सामनाभर त्या रेषेबाहेर उभ्या राहिल्या आणि कॅप्टनचे पाय बघत राहिल्या. ओळखायला सोपे होते. उजव्या बुटाची नाडी तुटली म्हणून तिनं निळी बांधली होती, डावीची पांढरी. मैदानावरच्या बाकीच्या एकवीस मुली काय करतात, बाईंना देणंघेणं नव्हतं.

सामना बरोबरीत होता, संपत आला होता. टेकडीवाल्या मुली गोलवर चालून आल्या. आपल्या गोलपुढे ही गर्दी, स्टिकांचा खडखडाट, धुरळा. चेंडू कुणाच्या तरी अंगावरून उसळून गर्दीबाहेर गेला. पंचाला काही दिसलं नाही, त्यानं खेळ चालू ठेवला. आणि एकदम कॅप्टनचा हात वर गेला. ताठ, पंजा उघडा.

पंचानं शिट्टी वाजवली. टेकडीवाल्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला, त्यावर गोल झाला, आणि चषक गेला.

प्रेक्षकांत जे टाळ्यांचं मोहोळ उठलं ते जिंकणाऱ्यांसाठी नव्हतं, हरलेल्या कॅप्टनसाठी होतं. टेकडीवाल्या मुलीसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्याध्यापिका, चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मावशीनं धावत येऊन भाचीला पोटाशी धरलं.

आणि बाई? बाई तिथेच थिजून उभ्या. कारण त्या निळ्या नाडीच्या आणि त्या पांढऱ्या नाडीच्या, दोन्ही बुटांवर त्यांची नजर खिळलेली होती, आणि चेंडू त्यातल्या एकालाही शिवला नव्हता. वीतभर लांबून गेला होता. शपथेवर सांगितलं असतं त्यांनी, बायबलवर हात ठेवून.

न झालेला फाउल एखादी मुलगी कशाला कबूल करेल? बाईंच्या मते ह्याला एकच उत्तर होतं. सामना विकला पोरीनं! तोही कसा, तर हॉकीवाल्या सिस्टरांच्या रिवाजाच्या आडून, म्हणजे कुणी विचारायलाही नको. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग काय, बाई हात धुऊन तिच्या मागे लागल्या. आणि बघावं तिकडे पाणी मुरताना दिसायला लागलं. सोमवारी कॅप्टनच्या पायात नवे कोरे बूट. “कुणी दिले ग?” “मावशीनं, बाई.” बघा! मुली कपडे बदलायच्या खोलीत कुजबुजत असायच्या, बाई आत शिरल्या की सगळ्या चिडीचूप. कॅप्टन समोर आली की नजर खाली. एकदा तर जिन्याखाली कॅप्टन आणि लेक दोघी उभ्या होत्या. लेक काहीतरी पोटतिडकीनं सांगत होती आणि कॅप्टन मान हलवून नाही नाही म्हणत होती. बाईंनी पायरी वाजवली तशा दोघी दोन दिशांना. बाईंना वाटलं, माझी भोळी लेक तिला जाब विचारत असणार, आणि ही दाद देत नाही.

लेकीचं जेवण उडालं होतं. ताटातलं इकडचं तिकडे करत बसायची. बाईंना तेही दिसलंच. “हरल्याचं मनाला लावून घेतलंय तिनं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “त्या मेलीनं सामना विकला आणि शिक्षा माझ्या पोरीला.”

नवरा किल्ली घासत होता. यंत्र थांबवून म्हणाला, “तिला विचारलंस का काय झालंय ते?”

“तिला काय विचारायचंय? ती आपली आहे.”

“बरं,” तो म्हणाला, आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. ह्या माणसाचं हेच चुकतं. नको तिथे बरं म्हणतो.

ह्यात एक मोठी गोष्ट अडकली होती. दरवर्षी शाळा एका मुलीची शिफारस करायची, आणि त्या शिफारशीवर खेळाच्या कॉलेजात जागा आणि राहायची सोय मिळायची. ह्या वर्षी ती कॅप्टनला मिळणार हे उघडच होतं. तिचे वडील आजारी, आई शिवणकाम करून घर चालवणारी. शिफारस गेली की पोरीचं शिक्षण तिथेच थांबणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनाही होतं. पण चोरीचं बक्षीस द्यायचं? मग देव तरी कशाला ठेवलाय चॅपेलमध्ये?

त्या तडक मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेल्या आणि सगळं भडाभडा ओकून मोकळ्या झाल्या. मावशी, पिशवी, नाड्या, बूट, सगळं.

मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “हात वर करणाऱ्याला विचारत नाहीत, बाई.”

“सिस्टर, हात खोटा असला तरी?”

रिवाज घालून देणाऱ्या हॉकीवाल्या सिस्टरांना खोटा हात सुचलाच नव्हता ना! मोठ्या सिस्टरांनी कॅप्टनला बोलावून घेतलं. ती येऊन टेबलासमोर उभी राहिली. सिस्टरांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “बाळ, चेंडू तुझ्या पायाला लागला होता?”

कॅप्टननं एकदा बाईंकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या क्रुसाकडे.

“सिस्टर, मी हात वर केला होता,” एवढंच शेवटी म्हणाली.

“ते मी पाहिलं. लागला होता का?”

पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण तोंडातून शब्द नाही. बाईंनी मनात म्हटलं, लागला असता तर हो म्हणायला काय झालं होतं? मोठ्या सिस्टरही तेच म्हणत असाव्यात, कारण त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. “जा,” त्या म्हणाल्या. आणि ती गेल्यावर बाईंना म्हणाल्या, “तुम्ही बरोबर पाहिलं होतंत. पण मला आज फार वाईट वाटतंय.” बाईंनाही आनंद झाला नाही, उगाच खोटं कशाला सांगू? पण आपलं खरं ठरलं ह्याचा जो एक गारवा पोटात पसरतो, तो पसरला.

तो गारवा दुसऱ्याच दिवशी उडाला. शिक्षकांच्या खोलीत भूगोलाच्या बाई चहा ढवळत म्हणाल्या, “काय हो, कॅप्टनची शिफारस गेली म्हणजे ती आता भिंतीला ना? तुमच्या लेकीला?” आणि दुसरीकडे बघून हसल्या.

एक्स-रे बाईंना हे सुचलंच नव्हतं! खरंच सांगते, त्यांच्या मनात हे आलंच नव्हतं. पण आता सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती, आणि बाईंना पहिल्यांदा कळलं की संशयानं बघणारे डोळे समोरून कसे दिसतात. “तसलं काही नाहीये,” त्या म्हणाल्या. कुणी हो म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, मी खरं तेच सांगितलंय. पण खरं सांगणारा असा ओरडत नाही, हे त्याच इतकी वर्षं मुलींना सांगत आल्या होत्या.

शनिवारची सभा मैदानावर भरली. कोपऱ्यात मरियेचा पुतळा, समोर मुलींच्या रांगा, एका बाजूला शिक्षकांची रांग. किल्लीवाला नवराही दुकान उघडं टाकून फाटकाशी येऊन उभा होता. प्रार्थना झाली. बाईंनी त्या दिवशीही एक डोळा उघडा ठेवला होता. कॅप्टन आपल्या वर्गाच्या शेवटी, मान खाली घालून उभी होती. पायात जुनेच बूट, एक नाडी निळी. नवे बूट तिनं घातले नव्हते.

मोठ्या सिस्टर बोलायला उभ्या राहिल्या. कॅप्टनचं नाव त्यांनी घेतलंच नाही. ह्या वर्षी शाळेची शिफारस अमुक मुलीला, म्हणत त्यांनी बाईंच्या लेकीचं नाव घेतलं आणि तिला पुढे यायला सांगितलं.

टाळ्या पडल्या नाहीत. लेक पुढे आली नाही.

तिचा हात वर गेला.

आधी बाईंना वाटलं, तिला चक्कर येतेय, तिला बाहेर जायचंय. मग तो हात त्यांना नीट दिसला. खांद्यापासून ताठ. पंजा उघडा. वर्गात उत्तर द्यायला करतात तसला हात नव्हता तो.

कुणी काही विचारलं नाही. मोठ्या सिस्टरांनीही नाही. पण पोर आपणहून बोलली, आवाज कापत होता तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

“चेंडू माझ्या पायाला लागला होता. मी हात वर केला नाही. तिनं बघितलं. फाउल झालाय तर कुणाचा तरी हात वर गेलाच पाहिजे म्हणून तिनं आपला केला. मी तिला रोज म्हणत होते की मी सांगते. ती म्हणायची, नको, तुझी आई तुला सोडायची नाही.” ती थांबली. नाक पुसलं. “मी हात वर करणारच होते. पण मग घरी आई विचारत बसते.”



बाईंच्या डोळ्यांसमोर तो धुरळा आला. निळी नाडी, पांढरी नाडी, आणि वीतभर लांबून गेलेला चेंडू. लांबून गेला, बरोबर. पण गेला कुठे? त्या वीतभर जागेपलीकडे कोण उभं होतं? भिंत उभी होती. त्यांची स्वतःची पोर. बाईंनी जन्मभर सगळ्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघितलं, आणि ऐन वेळेला एकीच्याच पायांकडे बघत बसल्या. आणि वर कॅप्टनचं शिक्षणच बुडवायला निघाल्या. कसला एक्स-रे नि कसलं काय, कपाळ!

शेजारी उभ्या भूगोलाच्या बाई त्यांच्याकडे बघत होत्या. सगळ्याच बघत होत्या. फाटकाशी नवरा उभा होता, त्यानं मात्र मान दुसरीकडे वळवली होती, त्यांना एवढं तरी सुख मिळावं म्हणून.

काहीतरी बोलायला हवं होतं. पण बोलायचं म्हटलं की बाईंच्या तोंडात प्रश्नच यायचे. मला आधी का नाही सांगितलंस? मी एवढी वाईट आहे का ग? हे सगळे प्रश्न जिभेवर आले, आणि बाईंनी ते गिळले. गिळायला फार जड गेले. मग त्यांनी आपला उजवा हात वर केला. खांद्याला संधिवात होता, हात पूर्ण ताठ होईना, कोपरात वाकला. त्यांनी तसाच तो वर धरून ठेवला, पंजा उघडा. डोळ्यांतलं पाणी पुसायला दुसरा हात मोकळा होता, पण तेही त्यांना सुचलं नाही.

रिवाजाप्रमाणे कुणीही बाईंना काहीही विचारलं नाही.

मुलींच्या रांगेतून कुणीतरी चालत आलं. बाईंनी मान वर केली नाही, पण बूट ओळखले. एका बुटाची नाडी निळी, एकाची पांढरी. कॅप्टन त्यांच्यासमोर थांबली आणि तिनं त्यांच्या त्या दुखऱ्या खांद्यावर जपून एक थाप मारली.